कॅसांड्राच्या चालू क्लस्टरमध्ये नवे नोड घालताना: क्रम, लागणारा वेळ आणि क्लीनअप

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्याकडे अपॅची कॅसांड्रा या अनेक यंत्रांवर विखुरलेल्या डेटाबेसचे सहा नोडांचे (यंत्रांचे) क्लस्टर आहे. ते 3.11 आवृत्तीवर उभे राहिले आणि नंतर 4.1 वर आणले गेले. सर्व नोड अ‍ॅमेझॉनच्या मुंबई विभागात आहेत. तिथल्या तीन अव्हेलेबिलिटी झोनांत प्रत्येकी दोन नोड आहेत आणि ईसीटू स्निच (अ‍ॅमेझॉनच्या माहितीवरून नोडाचे स्थान ओळखणारा भाग) वापरात असल्यामुळे प्रत्येक झोन कॅसांड्राच्या लेखी एक रॅक आहे. रेप्लिकेशन फॅक्टर 3 असून (म्हणजे प्रत्येक ओळीच्या तीन प्रती) वाचन आणि लेखन दोन्ही लोकल कोरमने, म्हणजे स्थानिक डेटासेंटरमधल्या बहुसंख्य प्रतींच्या होकाराने होते. प्रत्येक नोडवर सुमारे 1 टीबी डेटा आहे, डिस्क 1.5 टीबीची आहे आणि बहुतेक टेबलांना साइझ-टियर्ड कॉम्पॅक्शन (साधारण सारख्या आकाराच्या फायली एकत्र करून नव्याने लिहिण्याची पद्धत) लावलेले आहे.

दसरा-दिवाळीच्या खरेदीत आमच्याकडची लेखने एकदम वाढतात. त्यापूर्वी तीन नोड वाढवावेत असे ठरले आहे. तीनही एकदम सुरू करावेत की एकामागून एक, त्याला साधारण किती वेळ लागेल, आणि जुन्या नोडांवरचा भार नेमका कधीपासून हलका होईल, हे जाणून घ्यायचे आहे. अधिकृत दस्तऐवज वाचले आहेत, परंतु त्यांत आदेशांचा क्रम मिळतो आणि क्रमामागची कारणे फारशी मिळत नाहीत. कारण ठाऊक नसेल तर ऐनवेळी कोणती पायरी पुढे ढकलता येईल आणि कोणती मुळीच नाही, हे ठरवता येत नाही, म्हणून हा धागा काढला.

विदाकर

कृष्णाकाठ, तुम्ही तपशील पुरेसे दिले आहेत, त्यामुळे उत्तर आकड्यांत देता येईल.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण बाकीचे सारे नियोजन तिच्यावर अवलंबून आहे. नवा नोड रिंगमध्ये (डेटा आपसांत वाटून घेणाऱ्या नोडांच्या वर्तुळात) दाखल झाला आणि 'नोडटूल' या व्यवस्थापनाच्या साधनाच्या 'नोडटूल स्टेटस' आदेशात त्याच्यापुढे यूजे (सामील होत आहे) जाऊन यूएन (पूर्ण सदस्य) आले, की क्षमता वाढली असे अनेक ठिकाणी धरून चालतात. प्रत्यक्षात त्या क्षणी जुन्या नोडांच्या डिस्कवरचा एक बाइटही कमी झालेला नसतो. नव्या नोडाने आपल्या वाट्याला आलेल्या टोकन रेंजांचा (रिंगच्या तुकड्यांचा) डेटा नकलून घेतलेला असतो आणि आधीची प्रत जुन्या नोडावर तशीच पडून असते. फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नवे नाव लागले, पण जुन्या कब्जेदाराने शेत सोडलेले नाही, अशी ती स्थिती असते. ती जागा 'नोडटूल क्लीनअप' चालवल्यावरच मोकळी होते, आणि क्लीनअप हेही एक प्रकारचे कॉम्पॅक्शनच असल्यामुळे त्याला स्वतःला डिस्क, सीपीयू आणि वेळ लागतो. म्हणून नोड वाढवण्याचे काम हाताशी जागा असतानाच सुरू करावे लागते. डिस्क 90 टक्क्यांवर गेल्यावर सुरू केले, तर सुटका मिळण्यापूर्वी आणखी ताण सोसावा लागतो.

आता तुमच्या क्लस्टरचा हिशेब. रॅक तीन आणि रेप्लिकेशन फॅक्टरही 3. नेटवर्क टोपॉलॉजी स्ट्रॅटेजी प्रत्येक रेंजच्या प्रती शक्य तोवर वेगवेगळ्या रॅकांत ठेवते, त्यामुळे तुमच्या प्रत्येक रॅकमध्ये संपूर्ण डेटाची बरोबर एक प्रत आहे: दोन नोड, प्रत्येकी 1 टीबी, मिळून 2 टीबी. पहिल्या रॅकमध्ये तिसरा नोड आणलात की हे 2 टीबी तिघांत वाटले जातील आणि प्रत्येकाकडे सुमारे 667 जीबी राहील. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या रॅकमधल्या चार नोडांवर याचा काहीही परिणाम होणार नाही, ते 1 टीबीवरच राहतील. म्हणून तीन हा आकडा तुमच्यासाठी योग्य आहे, पण प्रत्येक रॅकमध्ये एक याच हिशेबाने ते गेले पाहिजेत. दोन एका झोनमध्ये आणि एक दुसऱ्यात, अशी वाटणी केलीत तर तिसऱ्या झोनमधले नोड हंगामातही तितकेच भरलेले राहतील.

याच रचनेचा वेळेवरही परिणाम होतो. नवा नोड डेटा घेतो तो ज्या नोडाकडून ती रेंज त्याच्याकडे येते आहे त्याच्याकडून, आणि तुमच्या बाबतीत तो देणारा नेहमी त्याच रॅकमधला असतो. म्हणजे क्लस्टर सहा नोडांचे असले तरी देणारे दोनच. 4.1 मध्ये प्रत्येक देणाऱ्या नोडाच्या स्ट्रीमिंगवर (दुसऱ्या नोडाला डेटा पाठवण्यावर) मूळची मर्यादा सेकंदाला 24 मेबीबाइटची आहे, म्हणजे दोघांचे मिळून सेकंदाला साधारण 50 एमबी. 667 जीबी त्या वेगाने यायला पावणेचार तास लागतात. हा कागदावरचा किमान वेळ झाला. नव्या नोडाला आलेला डेटा लिहून घ्यायचा असतो, त्यावर कॉम्पॅक्शन करायचे असते, दुय्यम इंडेक्स असतील तर तेही बांधायचे असतात. मटेरियलाइज्ड व्ह्यू (एका टेबलावरून आपोआप तयार होणारी दुसरी टेबले) असतील तर वेग फारच खाली येतो, कारण अशा टेबलांचा आलेला डेटा नेहमीच्या लेखनमार्गाने जातो. तीन नोड एका रात्रीत उरकतील असे धरून चालू नका. प्रत्येक नोडाला एक रात्र आणि त्यानंतरचा दिवस निरीक्षणाला, अशी आखणी मला रास्त वाटते.

रात्रपाळी

विदाकर यांच्याशी सहमत आहे. एकाच वेळी की एकामागून एक, या प्रश्नाचे उत्तर देतो.

कॅसांड्रा तुम्हाला एकाच वेळी करूच देणार नाही. 2.1 आवृत्तीपासून 'कन्सिस्टंट रेंज मूव्हमेंट' हे वैशिष्ट्य मुळातच चालू असते. एक नोड सामील होत असताना दुसरा सुरू केला, तर दुसरा स्पष्ट संदेश देऊन थांबतो. ते वैशिष्ट्य बंद करण्याचा पर्याय उपलब्ध आहे आणि घाईच्या वेळी तो खुणावतो, म्हणून तो बंद केल्यावर काय बिघडते ते सांगतो.

एका ओळीच्या तीन प्रती अ, ब आणि क या नोडांवर असल्या पाहिजेत असे धरा. कोरमने लेखन झाले, ते अ आणि ब पर्यंत पोहोचले, पण क त्या वेळी मंदावलेला असल्यामुळे त्याच्यापर्यंत पोहोचले नाही. कोरम पूर्ण झाले, ग्राहकाला यश कळवले गेले, इथपर्यंत सर्व नियमानुसार आहे. आता नवा नोड ड आला आणि अ कडची रेंज त्याच्याकडे गेली. ड ने डेटा अ कडूनच घेतला तर प्रती ब, क, ड अशा होतात आणि त्यांपैकी ब व ड यांच्याकडे ती ओळ असते, म्हणून कोणत्याही दोघांना विचारले तरी ओळ सापडते. परंतु ड ने सोयीचा म्हणून क कडून डेटा घेतला, तर ती ओळ एकट्या ब कडे उरते. पुढचे कोरम वाचन क आणि ड यांच्याकडे गेले, तर यशस्वी म्हणून कळवलेले लेखन दिसत नाही. कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही, लॉगमध्ये काही उमटत नाही. रेंज सोडणाऱ्याकडूनच घेणाऱ्याने डेटा घ्यावा हा नियम त्यासाठी आहे, आणि एका वेळी एकच बदल हा नियमही त्याच कारणासाठी आहे: दोन नोड एकाच वेळी त्याच भागात हक्क सांगू लागले, तर सोडणारा नेमका कोण हेच निश्चित करता येत नाही.

एक सामील होऊन यूएन झाल्यावर दोन मिनिटे थांबून दुसरा सुरू करावा, अशी जुनी शिफारस आहे. तिचा हेतू गॉसिपमधून (नोडांच्या एकमेकांना स्थिती कळवण्याच्या संवादातून) ही बातमी सर्व नोडांपर्यंत पोचावी इतकाच आहे. मी स्वतः त्याहून बराच जास्त वेळ देतो आणि प्रत्येक नोडावरून 'नोडटूल स्टेटस' व 'नोडटूल डिस्क्राइबक्लस्टर' चालवून सगळ्यांना तेच चित्र दिसते आहे आणि स्कीमाची (टेबलांच्या रचनेची) आवृत्ती सर्वत्र एकच आहे, याची खात्री करून घेतो.

लेखनांविषयीही एक गोष्ट लक्षात असू द्या. सामील होत असलेला नोड वाचनाला उत्तर देत नाही, पण त्याच्या वाट्याला येणाऱ्या रेंजांची नवी लेखने त्याच्याकडेही पाठवली जातात, आणि आवश्यक पोचपावत्यांची संख्या तेवढी वाढते. कोरमला एरवी तिघांपैकी दोघांची पोच पुरते. सामील होण्याच्या काळात त्या रेंजांसाठी चौघांपैकी तिघांची लागते. त्यामुळे त्या काळात एखादा जुना नोड बंद पडला आणि नवा नोडही स्ट्रीमिंगच्या ओझ्याने दमला असेल, तर लेखने कालबाह्य होऊ लागतात. हंगामाच्या ऐन गर्दीत नोड घालू नये असे जे सांगतात त्यामागे हे ठोस कारण आहे.

घाटवाट

चर्चा उत्तम चालू आहे, पण एक वेगळा मार्गही विचारात घ्यावा असे वाटते. अडचण केवळ डिस्कची असेल तर ईबीएसचा, म्हणजे अ‍ॅमेझॉनवर नोडाला जोडलेल्या डिस्कचा आकार चालू यंत्रणेत वाढवता येतो. 1.5 टीबीचे 2.5 टीबी करायला क्लस्टरला हात लावावा लागत नाही, टोकन हलत नाहीत, क्लीनअपही नको. नोड वाढवण्याइतका धोका त्यात नाही.

विदाकर

घाटवाट ताई, तुमची सूचना उपयोगी आहे, आणि मी तर म्हणेन की कृष्णाकाठ यांनी ती पहिली पायरी म्हणूनच घ्यावी. साइझ-टियर्ड कॉम्पॅक्शनला सर्वांत मोठ्या फायली एकत्र करताना जवळपास तेवढीच जागा मोकळी लागते. 1.5 टीबीत 1 टीबी डेटा ही स्थिती आत्ताच काठावरची आहे, आणि क्लीनअपलाही जागा हवी. ईबीएसचा आकार वाढवता येतो पण कमी करता येत नाही, हे मात्र आधीच खर्चाच्या हिशेबात धरावे.

तथापि त्यावरच थांबू नये. त्यांचा मूळ प्रश्न लेखने वाढण्याचा आहे. लेखनांना सीपीयू, मेमरी आणि कॉम्पॅक्शनचा वेग लागतो, आणि डिस्क मोठी केल्याने त्यांतले काहीच वाढत नाही. शिवाय एका नोडावर जितका जास्त डेटा, तितके तो बिघडल्यावर त्याच्या जागी दुसरा उभा करायला जास्त तास लागतात, आणि त्या तासांत ती प्रत क्लस्टरमध्ये नसते. मोठ्या डिस्कची ही किंमत बिघाडाच्या दिवशीच चुकवावी लागते, म्हणून आधी तिच्याकडे दुर्लक्ष होते.

मुळामुठा

नवे नोड सुरू करण्यापूर्वीच्या फायलींविषयी लिहितो, कारण 3.11 वरून 4.1 वर आलेल्या क्लस्टरमध्ये दोन जागा फसव्या आहेत.

पहिली 'नम टोकन्स'ची, म्हणजे एका नोडाला किती टोकन द्यायचे त्या संख्येची. 1.2 आवृत्तीत व्हर्च्युअल नोड (एका नोडाने रिंगचे अनेक छोटे तुकडे सांभाळणे) आले तेव्हापासून प्रत्येक नोडाला 256 टोकन हे प्रचलित मूल्य होते. 2021 मध्ये आलेल्या 4.0 ने कॅसांड्रा डॉट यॅमल या फायलीत ते 16 वर आणले. तुमचे क्लस्टर 3.11 वर उभे राहिले असल्यामुळे जुन्या सहा नोडांवर बहुधा 256 असतील. नव्या नोडावर 4.1 चे पॅकेज बसवून त्यातली ताजी फाईल तशीच ठेवली, तर तो 16 टोकन घेऊन सामील होईल. कॅसांड्रा कोणतीही तक्रार करणार नाही, कारण वेगवेगळ्या क्षमतेच्या यंत्रांना वेगवेगळी संख्या देणे हा वैध वापर आहे. परंतु वाट्याचे प्रमाण टोकनांच्या प्रमाणात ठरते, त्यामुळे त्या नोडाकडे शेजाऱ्याच्या सोळाव्या भागाइतकाच डेटा येईल आणि सारा खटाटोप करूनही जुन्या नोडांवरचा भार जवळजवळ तसाच राहील. सामील झालेल्या नोडाची संख्या नंतर फाईल बदलून बदलता येत नाही, त्याला बाहेर काढून पुन्हा आणावे लागते. टोकनांची संख्या कमी करण्याचे फायदे आहेत, पण त्यासाठी हंगामाच्या तोंडावरची ही वेळ नव्हे. आत्ता 256 च ठेवा.

दुसरी जागा ईसीटू स्निचच्या नामकरणाची. 4.0 मध्ये डेटासेंटर आणि रॅक यांची नावे देण्याची नवी पद्धत आली. मुंबई विभागाच्या डेटासेंटरचे नाव जुन्या पद्धतीत 'एपी-साउथ' असे होते आणि नव्या पद्धतीत 'एपी-साउथ-1' असे असते. वर आणलेल्या क्लस्टरमध्ये 'कॅसांड्रा-रॅकडीसी डॉट प्रॉपर्टीज' या फायलीत 'लेगसी' ही पद्धत निवडलेली असणार. नव्या नोडावरही तीच ओळ हवी, अन्यथा त्याची नावे इतरांच्या नावांशी जुळणार नाहीत.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. क्लस्टरचे नाव अक्षरशः तेच असावे. आवृत्ती शेवटच्या अंकापर्यंत तीच असावी, कारण नोड वाढवणे आणि आवृत्ती वाढवणे ही दोन कामे एकत्र करायची नसतात. 7000 हे पोर्ट सर्व नोडांमध्ये दोन्ही दिशांनी खुले असावे, टीएलएस जुन्या पोर्टवर असेल तर 7001 ही. घड्याळे एनटीपीने जुळलेली असावीत. कॅसांड्रात दोन लेखनांपैकी कोणते खरे हे वेळेच्या शिक्क्यावर ठरते, त्यामुळे पुढे गेलेल्या घड्याळाचा नोड नवी लेखने झाकून टाकू शकतो.

आणि नवा नोड स्वतःच्याच सीड यादीत (क्लस्टरशी पहिला संपर्क ज्यांच्यामार्फत होतो त्या नोडांच्या यादीत) कधीही नसावा. सीड नोड बूटस्ट्रॅप करत नाही, म्हणजे सामील होताना इतरांकडून डेटा आणत नाही. तो थेट रिंगमध्ये येतो, रेंजांचा मालक होतो आणि हातात काहीही डेटा नसताना वाचनाला उत्तरे देऊ लागतो. 'स्टेटस'मध्ये तो लगेच यूएन दिसतो, आणि इतक्या लवकर यूएन दिसणे हीच त्याची खूण आहे.

पैलतीर

थोडा बाजूचा प्रश्न आहे, पण विषय तोच. आमच्या चाचणीच्या क्लस्टरमध्ये चार नोड आहेत, रेप्लिकेशन फॅक्टर 3 आहे आणि गॉसिपिंग प्रॉपर्टी फाईल स्निच (रॅकचे नाव फायलीतून घेणारा) आहे. चारही नोड 'रॅक1' मध्ये आहेत. पाचवा नोड प्रत्यक्षात वेगळ्या कपाटात असल्यामुळे त्याला 'रॅक2' असे नाव दिले. तो सामील झाल्यावर 'नोडटूल स्टेटस किस्पेस'मध्ये (किस्पेस म्हणजे टेबलांचा गट) मालकीच्या रकान्यात त्याच्यापुढे 100 टक्के दिसत आहे आणि इतर चौघांपुढे प्रत्येकी साधारण 50. हा दाखवण्यातला दोष आहे का?

मुळामुठा

दोष नाही, तो नोड खरोखरच प्रत्येक ओळीची एक प्रत बाळगून आहे. स्ट्रॅटेजीचा नियम प्रती आधी वेगवेगळ्या रॅकांत ठेवण्याचा आहे. आजवर एकच रॅक होता, तेव्हा तिन्ही प्रती त्याच रॅकमध्ये जात होत्या. दुसरा रॅक आल्याबरोबर प्रत्येक रेंजची एक प्रत तिथे गेलीच पाहिजे, आणि त्या रॅकमध्ये नोड एकच असल्यामुळे सगळे त्याच्यावर आले. उरलेल्या दोन प्रती चौघांत वाटल्या गेल्या, म्हणून प्रत्येकाकडे 50 टक्के. चाचणीत ते झाले हे बरे आहे, कारण प्रत्यक्ष वापराच्या क्लस्टरमध्ये अशा नोडाची डिस्क सामील होता होताच भरते. आत्ता सोपा उपाय म्हणजे त्या नोडाला 'डिकमिशन' करणे (रिंगमधून रीतसर बाहेर काढणे), त्याच्या डेटाच्या फोल्डरा रिकाम्या करणे आणि 'रॅक1' या नावाने पुन्हा आणणे. रॅकांची रचना खरोखर हवी असेल तर ती नव्या डेटासेंटरमध्ये सुरुवातीपासून उभी करावी, चालू डेटासेंटरमध्ये एकेक नोडाने तिच्याकडे जाऊ नये.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. टोकनांची संख्या तपासली, जुन्या नोडांवर 256 च आहेत आणि आमच्या नव्या साच्यात 16 होते. ते बदलून घेतले. आता दोन शंका आहेत. स्ट्रीमिंग अर्ध्यावर तुटले तर काय करावे? आणि नवा नोड यूएन झाल्याबरोबर वाचनाचा भार त्याच्यावर येतो, तेव्हा विलंब वाढू नये म्हणून काय करता येते?

रात्रपाळी

पहिल्या शंकेबाबत. प्रगती पाहायला नव्या नोडावर 'नोडटूल नेटस्टॅट्स' चालवा. कोणत्या नोडाकडून किती फायली यायच्या आहेत आणि किती आल्या हे त्यात दिसते. एखादा प्रवाह तुटला पण कॅसांड्राची प्रक्रिया जिवंत राहिली, तर 'नोडटूल बूटस्ट्रॅप रिझ्यूम' हा आदेश उरलेल्या रेंजा आणतो. परंतु प्रक्रियाच बंद पडली, यंत्र पुन्हा सुरू झाले, तर मी रिझ्यूमच्या वाटेला जात नाही. सामील होत असलेला नोड गप्प झाला की साधारण अर्ध्या मिनिटात इतर नोड त्याला गॉसिपमधून काढून टाकतात. तो अजून रिंगचा पूर्ण सदस्य नसल्यामुळे त्याच्यासाठी कोणी हिंटही (चुकलेली लेखने नंतर पोचवण्यासाठीच्या नोंदी) साठवून ठेवत नाही. मधल्या काळातली लेखने त्याच्यापर्यंत कधीच पोहोचलेली नसतात, आणि आधी आणलेल्या रेंजा 'आणून झाल्या' म्हणून वगळल्या, तर ती उणीव तशीच राहते. अशा वेळी डेटा, कमिट लॉग, हिंट आणि सेव्ह्ड कॅशे या चारही फोल्डरा रिकाम्या करून पहिल्यापासून सुरुवात करावी. काही तास वाया जातात, पण नोडावर काय आहे याविषयी मनात शंका उरत नाही.

दुसऱ्या शंकेबाबत. सामील होताना नव्या नोडावर छोट्या फायलींचा ढीग साचतो, विशेषतः 256 टोकनांमुळे, कारण एकेका फायलीत असंख्य रेंजांचे तुकडे असतात. 4.0 मध्ये अखंड फाईल पाठवण्याची जी वेगवान पद्धत आली तिचा लाभही याच कारणाने तुम्हाला फारसा मिळणार नाही. तो नोड अजून वाचनाला उत्तर देत नसतो, तेव्हा त्याच्यावरची कॉम्पॅक्शनची मर्यादा 'नोडटूल सेटकॉम्पॅक्शनथ्रूपुट 0' देऊन पूर्ण काढून टाका. जुन्या नोडांवर मात्र ती तशीच ठेवा, कारण ग्राहकांची सारी वाचने त्यांच्यावर आहेत. स्ट्रीमिंगची मर्यादा वाढवायची असेल तर ती देणाऱ्या दोन नोडांवर 'सेटस्ट्रीमथ्रूपुट'ने वाढवावी लागते, नव्या नोडावर नव्हे. ती टप्प्याटप्प्याने वाढवा आणि त्या दोघांच्या वाचनाचा पी99 विलंब (ज्या वेळेच्या आत 99 टक्के वाचने पुरी होतात तो) डोळ्यांसमोर ठेवा.

त्याहून काळजी घ्यायची असेल तर नोड 'राइट सर्व्हे' अवस्थेत सुरू करता येतो. डेटा आणून झाल्यावरही तो रिंगमध्ये पूर्णपणे दाखल होत नाही, लेखने घेत राहतो, आणि साचलेले कॉम्पॅक्शन आवरल्यावर तुम्ही 'नोडटूल जॉइन' दिले की वाचनालाही उपलब्ध होतो. तेवढा काळ वर सांगितलेली जादा पोचपावतीची अट चालू राहते, म्हणून तो विनाकारण लांबवू नये.

पैलतीर

कुतूहल म्हणून विचारतो. तीनऐवजी सहा किंवा बारा नोड वाढवायचे असते तर एकामागून एक हे कितपत व्यवहार्य आहे?

विदाकर

फारसे नाही. संख्या दुप्पट करायची असेल तर मी दुसरे डेटासेंटर उभे करण्याकडे झुकेन. ते भौतिकदृष्ट्या वेगळे असण्याची गरज नाही, त्याच विभागात वेगळ्या नावाने चालते, मात्र ईसीटू स्निच नाव स्वतः ठरवत असल्यामुळे त्याला नावाची शेपटी जोडण्याची सोय वापरावी लागते. नवे नोड 'ऑटो बूटस्ट्रॅप' बंद ठेवून रिकामे सामील होतात, मग किस्पेसच्या रेप्लिकेशनमध्ये नवे डेटासेंटर जोडायचे आणि शेवटी प्रत्येक नव्या नोडावर जुन्या डेटासेंटरचे नाव देऊन 'नोडटूल रीबिल्ड' चालवायचे. रेंजांची मालकी जुन्या नोडांकडून सुटत नसल्यामुळे एका वेळी एकच ही अट तिथे लागू नाही. पण त्यासाठी सर्व अ‍ॅप्लिकेशनांनी ड्रायव्हरमध्ये स्थानिक डेटासेंटर नेमून दिलेले असले पाहिजे आणि लोकल कोरम वापरला पाहिजे. साधे कोरम वापरणाऱ्याला 3 आणि 3 मिळून 6 प्रतींपैकी 4 पोचपावत्या लागू लागतात, आणि त्यांत रिकाम्या नोडांची उत्तरेही येऊ शकतात. कृष्णाकाठ यांच्याकडे लोकल कोरम आहेच.

या मर्यादा कायमच्या नाहीत. कॅसांड्राशी सुसंगत असलेल्या सिलाडीबी या डेटाबेसने 2024 मधल्या 6.0 आवृत्तीत टॅब्लेटची (टेबलाच्या छोट्या, हलवता येणाऱ्या तुकड्यांची) रचना आणली. तिच्यात अनेक नोड एकत्र सामील होऊ शकतात आणि डेटा मागाहून पार्श्वभूमीवर हलतो. कॅसांड्रातही क्लस्टरची माहिती गॉसिपऐवजी क्रमबद्ध नोंदीतून ठरवण्याचे काम पुढच्या आवृत्तीसाठी झाले आहे. 4.1 वर मात्र वर सांगितलेले नियमच पाळायचे आहेत.

घाटवाट

क्लीनअपविषयी विदाकर यांनी सुरुवातीला लिहिले, त्यात थोडी भर घालते. क्लीनअप सुरू करण्याची घाई करू नये. तिसरा नोड यूएन होऊन स्थिरावेपर्यंत जुन्या नोडांवरच्या जादा प्रती ही तुमची शेवटची सुरक्षितता असते. मुळामुठा यांनी सांगितलेला रिकाम्या सीड नोडाचा प्रकार झाला, तर जुन्या प्रती जागेवर असल्यामुळेच त्या नोडाला डिकमिशन करून पूर्वस्थितीला येता येते. क्लीनअप करून टाकले असेल तर ती वाट बंद होते. नोड सामील होत असताना क्लीनअप चालवू पाहिले तर नव्या आवृत्त्या स्वतःच नकार देतात.

चालवताना एका वेळी एका रॅकमधला एकच नोड आणि त्यातही एकेक टेबल घ्यावे, आणि समांतर कामांची संख्या 1 ठेवावी. फाईल एकेक करून नव्याने लिहिली जाते, म्हणून एकाच वेळी लागणारी जास्तीची जागा सर्वांत मोठ्या फायलीइतकी राहते. आणि क्लीनअप पूर्ण होऊनही डिस्क मोकळी झालेली दिसली नाही, तर आधी स्नॅपशॉट पाहा. स्नॅपशॉट म्हणजे त्याच फायलींचे हार्ड लिंक असतात, त्यामुळे जुना स्नॅपशॉट जिवंत असेपर्यंत क्लीनअपने काढून टाकलेल्या फायलींची जागा परत मिळत नाही. उलट नवी फाईल आणि जुनी फाईल दोन्ही जागा अडवून बसतात, आणि वापर आधीपेक्षा वाढलेला दिसतो. 'नोडटूल लिस्टस्नॅपशॉट्स'ने यादी घेऊन, बॅकअप बाहेर सुरक्षित गेल्याची खात्री करूनच ते काढावेत. इन्क्रिमेंटल बॅकअप चालू असेल तर त्याच्या फोल्डरालाही हेच लागू आहे.

कृष्णाकाठ

आमची आखणी आता अशी ठरली आहे. आधी ईबीएसचा आकार वाढवायचा, मग प्रत्येक रॅकमध्ये एक याप्रमाणे एकेक नोड वेगवेगळ्या रात्री, आणि तिन्ही स्थिरावल्यावर क्लीनअप. हे सर्व दसऱ्याच्या बऱ्याच आधी संपवू. एक शेवटची शंका. व्यवस्थापनाने विचारले आहे की हंगाम संपल्यावर हे तीन नोड काढून खर्च वाचवता येईल का, आणि तसे असेल तर क्लीनअपचे श्रम घ्यावेतच का, कारण डिस्क तर आपण वाढवलेली असेल.

विदाकर

नोड काढता येतात. 'नोडटूल डिकमिशन' दिल्यावर जाणारा नोड आपल्या रेंजांचा डेटा उरलेल्यांना परत पाठवतो आणि मग रिंगमधून बाहेर पडतो. तेही एका वेळी एकच, आणि उरलेल्या सहांच्या डिस्कवर पूर्ण डेटा अधिक कॉम्पॅक्शनची जागा इतके मावते आहे हे पाहूनच.

परंतु नोड परत काढायचे असतील तर क्लीनअप टाळणे अधिकच धोक्याचे आहे. एखाद्या ग्राहकाची ओळ आज जुन्या नोडावर आहे. नवा नोड आला, ती रेंज त्याच्याकडे गेली, पण क्लीनअप न केल्यामुळे ओळीची प्रत जुन्या नोडावरही पडून राहिली. आठवड्याने ग्राहकाने ती ओळ खोडली. खोडल्याची खूण, म्हणजे टूमस्टोन, तेव्हाच्या मालकांकडे गेली, आणि जुना नोड मालक नसल्यामुळे त्याला ती कळलीच नाही. 'जीसी ग्रेस'चा काळ, जो मुळात 8,64,000 सेकंदांचा म्हणजे 10 दिवसांचा असतो, उलटल्यावर मालक नोडांनी कॉम्पॅक्शनमध्ये ओळ आणि टूमस्टोन दोन्ही काढून टाकले. हंगाम संपला, नवा नोड डिकमिशन झाला, रेंज पुन्हा जुन्या नोडाकडे आली, आणि त्याच्याकडे ती जुनी ओळ अजून आहे, तिला खोडणारे मात्र आता क्लस्टरमध्ये काहीच उरलेले नाही. वाचनात ती पुन्हा दिसू लागते, आणि पुढच्या रिपेअरमध्ये (प्रती एकमेकींशी जुळवून घेण्याच्या कामात) उरलेल्या दोन प्रतींवरही पसरते.

म्हणून व्यवस्थापनाला असे सांगा की क्लीनअपचा संबंध फक्त जागेशी नाही. नोड घातल्यावर जीसी ग्रेसच्या मुदतीच्या आत ते पूर्ण झाले असेल, तर दिवाळीनंतर निर्धास्तपणे नोड काढता येतील. काही कारणाने ते राहून गेलेच, तर डिकमिशनच्या आधी सहाही जुन्या नोडांवर सर्व किस्पेससाठी क्लीनअप पुरे करा, आणि ते झाल्यावरच पहिला नोड बाहेर काढा.